एकट्याला पेलेल अशी होडी
(जुनी शिडाची होडी घेण्यापूर्वी काय काय तपासावे)

बुलढाणा जिल्ह्यात राहून शिडाच्या होडीवर लेख लिहिणे म्हणजे हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून पंचपक्वान्नांवर लिहिण्यासारखे आहे, असे तुम्हाला वाटेल. देऊळघाटला पैनगंगा एप्रिलमध्ये पाहिली तर होडी सोडाच, कागदाची नावसुद्धा कुठे सोडायची हा प्रश्न पडतो. समुद्र इथून रस्त्याने चारशेहून जास्त किलोमीटर. मग हा विषय का?

कारण शिडाच्या होडीला समुद्र लागत नाही. तिला वारा लागतो, आणि पुरेसे लांब-रुंद पाणी. नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी. तिचे शिक्षण झाले भोपाळच्या मोठ्या तलावावर, आणि २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊच्या एशियाडमध्ये तिने शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. भोपाळला कुठे समुद्र आहे? आपल्या जिल्ह्यात खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा अशी धरणे आहेत. हीच पैनगंगा येळगावला अडवली आहे. आणि दुसरे कारण म्हणजे इथून पास आऊट होऊन पोरे जातात पुणे, मुंबई, हैदराबाद, गोव्याला. पहिल्या दोन पगारांत मोबाईल, तिसऱ्यात बाईक, आणि मग एखाद्याला शनिवार-रविवारी पाण्यावर जायची हुक्की येते. नवी होडी परवडत नाही, जुनी मिळते. जोडीदार रोज मिळत नाही, म्हणून एकट्यालाच चालवता यावी अशी हवी असते. तर हा लेख त्या एखाद्यासाठी.

एकट्याने होडी चालवायची म्हटले की डोळ्यासमोर येतात कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून १९ मे २०१० ला ते पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. वाटेत फक्त चार मुक्काम. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधली होती. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. ही नावे बहुतेकांना माहीत आहेत. पण आपल्या कामाची गोष्ट त्याआधीची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रज खलाशाने १९६० च्या दशकात मुंबईत, इथल्या सुतारांकडून, सागवानाची ३२ फुटी ‘सुहेली’ बांधून घेतली. १९६८ मध्ये एकट्याने विनाथांबा जगप्रदक्षिणेची पहिली शर्यत जाहीर झाली तेव्हा त्याला खरे तर मोठी, नवी, पोलादी बोट हवी होती. पैसे जमले नाहीत. मग तो आहे त्या जुन्या, जड आणि संथ सुहेलीतूनच निघाला. नऊ जण शर्यतीत होते. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, एकटा तोच परत पोहोचला. वेगवान बोटीवाले सगळे वाटेत गळाले.

आता सुहेलीचे आपल्याला काय? एवढेच, की त्याला त्या बोटीचा खिळान्‌खिळा माहीत होता आणि बिघडेल ते एकट्याने दुरुस्त करता येत होते. आपण १४ फुटी होडी घेऊन धरणावर जाऊ तेव्हाही प्रश्न तोच असतो, फक्त लहान प्रमाणात. ‘ही किती पळते?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: ही उलटली, आणि मी एकटाच पाण्यात आहे, तर मला ती परत सरळ करता येईल का?

उलटणे हा अपघात नव्हे

शिडाची छोटी होडी उलटतेच. शिकताना तर एका दुपारी पाच-सात वेळा. सायकल शिकताना पडतो तसे. ज्याला याची भीती वाटते त्याने पॅडल बोटीत बसावे. पण सायकल पडली तर आपण उठून उभे राहतो. धरणाच्या मध्यावर उभे राहायला जमीन नसते. दरवर्षी धरणावर पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. त्यातल्या अनेकांना पोहता येत असते. काठ दिसतो तेवढा जवळ नसतो आणि माणूस दमतो. म्हणून होडीवाल्याचा पहिला नियम: होडी उलटली तरी होडी सोडायची नाही. होडी तरंगते, तिला धरून राहायचे. आणि म्हणूनच ती खरोखर तरंगते का, हे घेण्यापूर्वी बघायचे.

थोडे मेकॅनिक्स. फर्स्ट इयरचे मोमेंट आठवा. होडीच्या पोटातून खाली एक फळी सोडलेली असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. वारा शिडाला बाजूला ढकलतो तेव्हा ही फळी पाण्यात अडते आणि होडी आडवी न सरकता पुढे जाते. वाऱ्याच्या दिशेने वर जायचे तर नागमोडी जावे लागते, तेही या फळीच्या जोरावर. होडी आडवी झाली की हीच फळी पाण्याच्या वर बाहेर येते आणि आपल्याला पायरीसारखी वापरता येते. तिच्यावर उभे राहायचे, होडीची कड धरायची आणि मागे झुकायचे. समजा तुमचे वजन ६० किलो आणि तुम्ही होडीच्या अंगापासून ०.८ मीटरवर उभे आहात. म्हणजे ४८ किलोग्रॅम-मीटरचा मोमेंट झाला. त्याने डोलकाठी आणि ओले शीड पाण्याबाहेर उचलायचे. निरोगी होडीत हे सहज जमते. शिडावरचे पाणी निथळू द्यायला सावकाश उचलायचे, बस.

आता जुनी होडी. डोलकाठी म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी, दोन्ही टोकांना बुचे. बुचे जुनी झाली की नळीत पाणी शिरते. धरा की दहा लिटर शिरले. दहा किलो. नळीची लांबी सहा मीटरच्या आसपास, म्हणजे त्या पाण्याचा मध्य होडीपासून सुमारे तीन मीटरवर. काठी पाण्याबाहेर येऊ लागली की त्याचा मोमेंट ३० किलोग्रॅम-मीटर. तुमच्या ४८ पैकी ३० तिथेच गेले! उरलेल्या १८ मध्ये काठीचे, शिडाचे, आणि शिडावरच्या पाण्याचे वजन उचला बघू. शिवाय पाणी भरलेली काठी तरंगत नाही, ती खाली जाते आणि होडी पूर्ण पालथी होते, काठी तळाकडे करून. होडी विकणारा सांगतो, ‘किरकोळ आहे, दोन बुचे बदलायची.’ बरोबर आहे, दोन बुचेच बदलायची असतात. पण ती बदलली नाहीत तर एकट्या माणसाचा जीव त्या दोन बुचांवर असतो.

तपासायचे कसे? काठीचा तुकडा कानाजवळ धरून तिरका करा, आत खळखळ ऐकू येते. नाहीतर हॉस्टेलच्या पाण्याच्या हौदात एकेक टोक बुडवून बुडबुडे येतात का पाहा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसेच.

कोणती होडी घ्यावी?

जुन्या बाजारात आपल्याकडे चार-पाच जातीच फिरतात. क्लब, सेना-नौदलाची केंद्रे, शिकवण्या घेणारे, आणि हौस संपलेले लोक यांच्याकडून त्या निघतात.

ऑप्टिमिस्ट ही २.३ मीटरची, डब्यासारखी दिसणारी होडी. ती मुलांसाठी आहे, पंधरा वर्षांपर्यंतच्या. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. मेसचे जेवण कितीही खराब असले तरी थर्ड इयरचा विद्यार्थी तिच्यात मावत नाही.

एंटरप्राइज ही ४.०४ मीटरची, दोघांची. जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने १९५६ मध्ये काढलेली. १९८२ च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या त्यात ही जात होती, त्यामुळे आपल्याकडे ती जुनी ओळखीची. तिचे अंग नव्वद किलोच्या आसपास. पुढे लहान शीड, मागे मोठे. एकट्याने चालवायची तर पुढचे शीड उतरवून ठेवता येते, पण मग तोल थोडा बिघडतो. तिचा मोठा दोष वेगळाच आहे: ती उघडी होडी आहे. उलटून सरळ झाली की आत बादल्यांनी पाणी असते. दोघे असतील तर एक सुकाणू धरतो, एक पाणी उपसतो. एकटा काय करणार? तो उपसत असतो आणि होडी पुन्हा आडवी होते. एक गुण मात्र सांगितला पाहिजे. तिची खालची फळी बिजागरीवर फिरते, काही आदळले की आपोआप वर जाते. आपल्या धरणांच्या पोटात बुडालेल्या बाभळींची खोडे असतात, तिथे हा गुण लाखाचा.

जीपी १४ ही तिचीच थोरली बहीण, त्याच होल्टची, १३० किलोच्या पुढे. कुटुंबाला छान. एकट्याला काठावर ओढतानाच घाम फुटतो. होबी १६ या जोडहोडीचे, म्हणजे दोन अंगांच्या होडीचे, फोटो फार सुंदर असतात, ती पळतेही सुसाट. पण वजन १४५ किलो आणि शीड मोठे. उलटली तर साठ किलोच्या माणसाने एकट्याने ती उभी करणे जवळजवळ अशक्य. मित्र असतील तर जरूर घ्या, एकट्यासाठी नको.

राहिली लेझर. माझे मत तिच्याच बाजूने आहे, हे लपवत नाही. ब्रूस कर्बी या कॅनडातल्या डिझायनरने १९६९ मध्ये तिचे रेखाटन केले. गाडीच्या टपावर टाकून शनिवारी घेऊन जाता येईल अशी होडी, एवढीच मूळ मागणी होती. पहिल्या नमुन्याचे नावच ‘वीकेंडर’ होते! १९७१ मध्ये ती बाजारात आली, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि जगभरात दोन लाखांहून अधिक बनल्या. २०१९ मध्ये नावाच्या हक्कावरून वाद होऊन तिचे अधिकृत नाव ‘इल्का’ झाले, पण जुन्या होड्यांवर आणि जुन्या लोकांच्या तोंडी लेझरच आहे. नेहा ठाकूरचे पदक याच होडीच्या लहान शिडाच्या प्रकारातले. लांबी ४.२ मीटर, अंगाचे वजन सुमारे ५९ किलो. अंग बंद, वरून झाकलेले, आत हवा. बसायला फक्त एक उथळ खाच. त्यातले पाणी तळाच्या भोकातून आपोआप निघून जाते. उलटली, सरळ केली, चढलो, निघालो.

या होडीची दुसरी गंमत म्हणजे एकाच अंगावर तीन मापांची शिडे बसतात: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. डोलकाठी दोन तुकड्यांची आहे. वरचा तुकडा तोच ठेवायचा, खालचा शिडाप्रमाणे बदलायचा. जुनी घेताना ‘शीड कोणते आणि खालचा तुकडा कोणता?’ हे आधी विचारा. मोठ्या शिडासोबत छोट्या शिडाचा तुकडा गळ्यात मारल्याची उदाहरणे असतात.

माप किती घ्यावे याचे गणित सोपे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे फ्लुइडच्या पेपरला आपण लिहून आलो आहोत, पण ते पाठीला कळते ते होडीत. ५ नॉट वारा असेल, म्हणजे तासाला सव्वानऊ किलोमीटर, तर मोठ्या शिडावर जेमतेम साडेतीन किलोचा जोर येतो. १० नॉटला तोच चौदाच्या घरात. १५ नॉटला तीस किलोच्या वर. हा जोर पाण्यातल्या फळीच्या मानाने अडीच मीटर उंचीवर लागतो असे धरले तर उलटवणारा मोमेंट ७५ ते ८० किलोग्रॅम-मीटर. त्याच्या विरुद्ध तुम्ही कडेबाहेर झुकून बसता. तुमचा गुरुत्वमध्य होडीच्या मध्यरेषेपासून फार तर १.२ मीटर. ६५ किलोच्या माणसाचे ७८ झाले. म्हणजे १५ नॉटला तुम्ही काठावर पास! त्यापुढची प्रत्येक झुळूक तुम्हाला पाण्यात टाकणार. हॉस्टेलमधले आपण बहुतेक ५५ ते ६५ किलोवाले. त्यामुळे मधले, ५.७६ चे शीड सोबत असलेली होडी पहिली बघावी. मोठे शीड नंतर जोडता येते.

आपले पाणी, आपला वारा

इथे एक पेच आहे, जो होड्यांच्या पुस्तकात सापडत नाही कारण ती पुस्तके इंग्लंड-अमेरिकेतली. आपल्याकडे वारा आणि पाणी एकाच वेळी नसतात. मे-जून-जुलैमध्ये पश्चिमेचा वारा दणकून वाहतो, तेव्हा धरणे तळाला गेलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरण भरते, आणि वारा पडतो. ऑक्टोबर ते जानेवारी पाणी आरशासारखे, वारा दुपारी दोन तास, तोही मंद. म्हणजे इथे वर्षातले चांगले दिवस हे हलक्या वाऱ्याचे दिवस आहेत. हलक्या वाऱ्यात जड होडी हलत नाही. ‘जड होडी स्थिर असते, नवशिक्याला बरी’ हा सल्ला कोकणच्या खाडीत ठीक असेल, आपल्या धरणात ती जागेवर उभी राहील आणि तुम्ही वल्हे मारत परत याल.

फेब्रुवारीपासून पाणी मागे सरकू लागते. मागे उरतो गाळ. त्यात लोक गाळपेर करतात. काल जिथे होडी उतरवली तिथून पाणी आता दोनशे पावले पुढे, आणि मध्ये गुडघाभर चिखल. ५९ किलोची होडी दुचाकी हातगाड्यावर ठेवून एकट्याला ओढता येते, पण बारीक चाकांचा गाडा रुततो. जाड टायरची चाके असलेला गाडा हवा. तो वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत बनतो. १३० किलोची होडी एकट्याला त्या गाळातून निघत नाही. चार माणसे बोलवावी लागणार असतील तर ती एकट्याची होडी कसली?

एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबरच्या वळवाची मात्र थट्टा नको. सगळे शांत असताना पश्चिमेला काळे दिसू लागते आणि पंधरा मिनिटांत वारा चौपट होतो. वर सांगितलेला वर्गाचा नियम आठवा: वेग चौपट म्हणजे जोर सोळापट. आणि सपाट पाण्याच्या मध्यावर सहा मीटरची ॲल्युमिनियमची काठी उभी करून बसलेला माणूस म्हणजे विजेला दिलेले आमंत्रण. ढग दिसला की काठ गाठायचा.

धरणावर होडी उतरवायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, ती लेखी घ्यावी. येळगावचे पाणी बुलढाणा शहर पिते, शिवाय तिथले दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, कोणी भोंगा वाजवायची वाट पाहत नाहीत. भरलेल्या धरणाच्या सांडव्याकडे शिडाच्या होडीने फिरकू नये. वारा पडला तर होडीला ब्रेक नाही. मासेमारी सोसायटीच्या लोकांशी आधी बोलून घ्यावे. जाळी कुठे आहेत, खोडे कुठे आहेत, हे ट्रकच्या ट्यूबवर बसून रोज पाण्यात जाणाऱ्या त्या माणसांइतके कोणाला माहीत नसते. आपण त्यांच्या पोटापाण्यावर हौस करायला जात असतो, तेव्हा चहा आपणच पाजावा.

होडी बघायला गेल्यावर

सोबत एक रुपयाचे नाणे, साबणाचे पाणी, लटकता वजनकाटा आणि बॅटरी न्या. रंग बघू नका. आपल्या उन्हात फायबरचा रंग उडतोच, त्याला पॉलिश आहे.

पहिले वजन. होडी झाडाला किंवा चेनपुलीला टांगून काट्यावर घ्या. लेझर ५९ च्या जागी ६२ भरली तर ठीक आहे. ६८ भरली तर नऊ लिटर पाणी आतल्या फोममध्ये मुरले आहे असे समजा. ते बॅटरी मारून दिसत नाही, उन्हात ठेवून लवकर निघत नाही. विकणारा ‘कालच पाऊस झाला’ म्हणेल. म्हणू द्या.

मग नाणे. सगळ्या अंगावर टकटक करत जा. घट्ट भागाचा आवाज टणक येतो, जिथे फायबर आणि फोम सुटले आहेत तिथे भद्द येतो. कलिंगड घेताना आपण हेच करतो. बसायच्या खाचेच्या पुढे आणि डोलकाठीच्या भोवती टाचेने दाबून बघा; दबले तर आतून कुजले.

डोलकाठी जिथे बसते ती खोबण हे लेझरचे सर्वात नाजूक ठिकाण. वाऱ्याचा सगळा जोर तिथून अंगात जातो. खोबण काठोकाठ पाण्याने भरा आणि बाकीची तपासणी होईपर्यंत, तासभर तरी, तशीच ठेवा. पातळी उतरली तर तळाशी फट आहे. ही फट असलेली होडी एके दिवशी जोराच्या वाऱ्यात काठीसकट दुभंगते. दुरुस्ती होते, पण अंगाला भोक पाडून आत हात घालावा लागतो. तेवढी किंमत कमी करून मागा किंवा सोडून द्या.

गळती शोधायला मागचे बूच काढून तिथे नळी लावा आणि तोंडाने एक-दोन फुंकरी मारा, सोबत्याला सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवायला सांगा. (हवा खेळायला खाचेत एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, ते बोटाने दाबून धरा, नाहीतर तीच गळती समजाल.) इथे कोणीतरी हुशार नक्की म्हणेल, ‘कॉम्प्रेसर लावू ना!’ अजिबात नको. वरच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ चार चौरस मीटरच्या आसपास आहे. वातावरणाच्या दाबाच्या अवघा एक टक्का जादा दाब म्हणजे १००० पास्कल. चार चौरस मीटरवर ४००० न्यूटन, म्हणजे होडीच्या वरच्या अर्ध्याला खालच्या अर्ध्यापासून चारशे किलोने उचलणे. कॉम्प्रेसर तर टायरला दोन वातावरणांहून जास्त देतो. सांधे फाटतील आणि होडी तुम्हालाच घ्यावी लागेल.

डोलकाठीच्या वरच्या तुकड्याच्या खालच्या कॉलरपाशी एक रिव्हेट असतो. स्टीलचा रिव्हेट, ॲल्युमिनियमची काठी, मध्ये खारे पाणी: झाला सेल तयार, केमिस्ट्रीतला. काठी तिथेच गंजते आणि तिथेच मोडते. पांढरी पूड दिसली तर नखाने खरवडून बघा. त्याच कारणाने, भाव सारखा असेल तर मुंबई-गोव्याच्या समुद्रातल्या होडीपेक्षा भोपाळ किंवा हैदराबादच्या तलावातली बरी. तिने मीठ खाल्लेले नसते.

शीड हाताने चुरगळा. कडक कागदासारखे वाजले तर अजून जीव आहे, जुन्या धोतरासारखे मऊ पडले तर शर्यतीला उपयोग नाही. फिरायला मात्र तेच दोन वर्षे चालेल, त्यावरून सौदा मोडू नका. दोऱ्या जुन्याच असणार, त्या नव्या घ्यायच्याच. सुकाण्याच्या कड्या हलवून बघा. लाकडी प्लायवूडची एंटरप्राइज असेल तर खालच्या फळीच्या खोबणीच्या सांध्यात खिळ्याचे टोक दाबा. लोण्यासारखे घुसले तर नमस्कार करून निघा.

‘वीकेंड’ म्हणजे रात्रीचा मुक्कामही ना, मग झोपायची केबिन असलेली मोठी बोट का नको, असे मुंबई-गोव्याला गेलेले मित्र विचारतील. धरणावर तंबू काठावर ठोकावा, बोटीत झोपायची गरज नाही. समुद्रावर १८-२२ फुटी केबिनवाली जुनी बोट मिळते, पण ती घेतली की तिला बांधायला जागा, त्या जागेचे दर महिन्याचे भाडे, पावसाळ्यापूर्वी क्रेनने बाहेर काढणे, तळाला चिकटलेले शिंपले खरवडणे आणि मुंबईच्या चार-पाच मीटर भरती-ओहोटीचा हिशोब, हे सगळे सोबत येते. बोट वापरा न वापरा, भाडे चालू. पहिली दोन-तीन वर्षे छोट्या होडीवर काढल्याशिवाय तो विचार करू नये, असे माझे मत.

आणायची कशी? छोटा हत्ती किंवा पिकअपमध्ये ४.२ मीटरची होडी निम्मी बाहेर लोंबते, आणि बाहेर आलेला माल पोलीस अडवतात, ते योग्यच आहे. ४.२ मीटर म्हणजे १३ फूट ९ इंच. चौदा फुटी आयशरच्या हौद्यात लेझर तीन इंच राखून बसते. तिची डोलकाठी दोन तुकड्यांची असल्याने तीही आतच मावते. एंटरप्राइजची काठी अखंड, ती कुठे बांधायची याचा विचार आधी करावा. खाली जुन्या गाद्या टाका, तळ उघडा ठेवून पालथी बांधा, आणि दोर आवळताना हौस करू नका, फायबर दबते.

पैसे देण्यापूर्वी एकच हट्ट धरा. होडी पाण्यात उतरवायला सांगा, लाइफ जॅकेट घाला, छातीभर पाण्यापलीकडे जा, काठावर दोन पोहणारे मित्र उभे करा, आणि तिला मुद्दाम उलटवा. पाच मिनिटे तशीच पडू द्या. ती किती खोल बसते, कोणत्या टोकाला जास्त दबते, काठी खाली जाऊ लागते का, हे बघा. मग फळीवर चढून एकट्याने सरळ करा. तीनदा करा. काठावर आणून मागचे बूच काढा आणि निघालेले पाणी बादलीत मोजा. पेलाभर निघाले तर सौदा करा. बादली भरली तर होडी त्याची त्याला परत द्या. आणि विकणारा उलटवूच देत नसेल तर पाणी मोजायचीही गरज नाही.